वाचक क्रमांक एकची मुदत

वाचनालयाच्या कार्यकारिणीने जुना संगणक भंगारात काढायचा ठराव मंजूर केला, तेव्हा मुदतरावांनी एकच प्रश्न विचारला.

"आणि आतलं?"

कार्यकारिणीला वाटलं, ते आतल्या धुळीबद्दल विचारताहेत. "आतल्यासकट," अध्यक्ष म्हणाले आणि चहा मागवला.

मुदतराव हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते देवघेवीच्या टेबलावर बसत होते आणि प्रत्येक पुस्तक हातात देताना "मुदत पंधरा दिवस" असं बजावत होते. एकदा घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात त्यांनी पाण्याचा पेला दिला आणि तोंडातून सवयीने "पंधरा दिवस" निघालं. पाहुणा नेमका वाचनालयाचा सभासद. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं वाचनालय त्यांना मुदतराव म्हणू लागलं, आणि पुढे पुढे पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

तर आतलं म्हणजे प्रोग्राम. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, कधी नेलं, कधी यायला हवं, हे सगळं सांभाळणारा. तो मुदतरावांच्या बायकोने लिहिला होता. ती शाळेत गणित शिकवायची. बावीस वर्षांपूर्वी वाचनालयाला कोणीतरी तो संगणक भेट दिला, आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच न कळल्यामुळे त्याच्यावर कापड घालून ठेवण्यात आलं. तिला ते पाहवेना. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने एका वर्गात नाव घातलं, ती भाषा शिकली आणि दोन महिन्यांत प्रोग्राम लिहून टेबलावर ठेवला. त्यावर बावीस वर्षं वाचनालय चाललं. ती मात्र चार वर्षांपूर्वी गेली.

आता जी गोष्ट सांगतो ती मुदतरावांनी कोणालाही सांगितली नव्हती. संध्याकाळी सहा वाजता प्रोग्राम बंद केला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत पण आपल्याच भाषेत तीन ओळी यायच्या. "सहा वाजले. खिडक्या लावल्या का? चष्मा घेतला का?" चार-पाच सेकंद राहायच्या आणि जायच्या. मुदतराव रोज इकडे तिकडे बघून हळूच म्हणायचे, "घेतला." चार वर्षांत दिवसभरात त्यांना घरचं म्हणून विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. तो संगणक भंगारात गेला तर हेही जाणार होतं.

त्यांची भाची संगणकाच्या ऑफिसात नोकरीला होती. तिच्यापुढे त्यांनी फक्त वाचनालयाची अडचण मांडली. सहा वाजताचं गाळलं.

"अहो मामा, त्यात काय एवढं! आमच्याकडे कोड-अनुवादक आहे," ती म्हणाली. "जुन्या भाषेतला प्रोग्राम दिला की नव्या भाषेत करून देतो. परवाच त्याची नवी आवृत्ती आलीय. आता छापलेल्या कागदाच्या फोटोवरूनही वाचतो. लिहिणाऱ्याने मध्येमध्ये टिपा लिहिल्या असतील तर त्या समजून घेतो. कुठली ओळ काय करते ते साध्या भाषेत सांगतो. आणि बिनकामाच्या ओळी काढून टाकतो."

"काढून टाकतो म्हणजे? कोणाला न विचारता?"

"विचारतो ना. तुम्हाला एखादी ओळ ठेवायचीच असेल तर कारण द्यायचं."

"लेखी?"

"लेखी."

यंत्राबद्दल मुदतरावांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आदर निर्माण झाला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि आता बांधायला पूल नसल्यामुळे ते सल्ले देत. जिन्यात मुदतरावांना गाठून ते म्हणाले, "भाषांतर म्हटलं की काहीतरी सांडणारच. माझं ऐका, संगणक ठेवा आणि वाचनालय बदला." मुदतरावांनी ते शक्य नसल्याचं गंभीरपणे सांगितलं. "मग निदान चाचणी घ्या," इंजिनिअर म्हणाले. "पुलावरून आधी भरलेला ट्रक नेतात. तुम्हीही भर गर्दीच्या दिवशीच सुरू करा. पडायचं असेल तर पहिल्या दिवशीच पडेल." हा सल्ला मुदतरावांना पटला, यावरून त्यांची मनःस्थिती लक्षात यावी.

कार्यकारिणीने अनुवादाला परवानगी दिली, पण अध्यक्ष सावध माणूस होते. ते दाताचे डॉक्टर. ठणकायच्या आधीच दात तपासावा या मताचे. "उद्या कोणी हक्क सांगितला तर?" ते म्हणाले. "मूळ लेखकाची लेखी संमती घ्या." बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मूळ लेखक कोण ते.  पण तोवर चिटणिसांनी वाक्य इतिवृत्तात लिहिलं होतं, आणि इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही हा नियम मुदतरावांनीच करून घेतलेला.

तेव्हा मुदतरावांनी घरी बसून वारस या नात्याने पत्र लिहिलं. विषय: मूळ लेखिका हयात नसल्याबाबत. ते शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिले. इतकी वर्षं कोणी विचारलं तर ते "ही नाहीये आता" एवढंच म्हणत, जणू बाजारात गेली आहे. पत्राला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात कारकून या नात्याने ते पत्र स्वतःकडून स्वीकारलं, आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे असा शेराही दिला. मग वारसाला उत्तर पाठवलं: "आपल्या सहकार्याबद्दल वाचनालय आपले ऋणी आहे." ते टपालाने तिसऱ्या दिवशी घरी आलं. मुदतरावांनी स्वयंपाकघरात बसून ते दोनदा वाचलं. चार वर्षांत त्या घरी आलेलं ते सगळ्यात प्रेमळ पत्र होतं.

जुना संगणक आणि नवा संगणक यांच्यात एकही सामाईक भोक नव्हतं, त्यामुळे प्रोग्राम कागदावर छापून घेणं भाग होतं. जुनं छपाईयंत्रही त्याच पिढीचं. शेहेचाळीस पानं छापायला त्याने पावणेदोन तास घेतले आणि करवत चालावी तसा आवाज केला. 'शांतता राखा' ही पाटी मुदतरावांनी स्वतः लावलेली होती. तिच्याखाली वर्तमानपत्र वाचणाऱ्या तीन सभासदांनी त्यांच्याचविरुद्ध तक्रार लिहून दिली, आणि ती त्यांनाच आवक करावी लागली.

भाचीने पानांचे फोटो काढले. अनुवादकाने शेहेचाळीस पानांचा अनुवाद अकरा सेकंदांत केला.

"झालं?" मुदतरावांनी विचारलं.

"झालं की."

"तिला दोन महिने लागले होते," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. कोणीतरी तिचा अपमान केल्यासारखं त्यांना वाटलं, आणि तो कोणी केला ते नीट सांगता येईना.

शनिवारी, भर गर्दीत, नवा प्रोग्राम सुरू झाला. मुदतराव नेहमीप्रमाणे "मुदत पंधरा दिवस" म्हणत पुस्तकं देत राहिले. पण लोक पावती बघून थबकत, पुन्हा बघत आणि काही न बोलता आणखी एक पुस्तक घेऊन येत. दुपारपर्यंत रांग दाराबाहेर गेली. एक आजी जाडजूड पाच कादंबऱ्या छातीशी धरून निघाल्या. एका प्राध्यापकांनी मुदतरावांचा हात हातात घेतला. "माणूस बदलतो यावर माझा विश्वास नव्हता," ते म्हणाले. मुदतरावांनी पावती पाहिली तेव्हा उलगडा झाला. छापलेल्या नवव्या पानावर पंधराच्या पुढे चहाचा एक थेंब सांडला होता. अनुवादकाने तो शून्य म्हणून वाचला होता. मुदत दीडशे दिवस झाली होती.

एकतीस वर्षांची कीर्ती एका दुपारी धुऊन निघाली. फोनवर भाचीला विचारून त्यांनी मुदत पुन्हा पंधरावर आणली, पण थेंब त्यांच्याच कपातला होता हे तिला सांगितलं नाही.

खरा घाव बसला तो सहा वाजता. त्यांनी खिडक्या लावल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि प्रोग्राम बंद केला. पडदा एकदम काळा झाला. ओळी नाहीत, काही नाही.  मग त्यांनी भाचीला फोन केला आणि "शेवटी काहीतरी राहिलंय" एवढंच सांगितलं. त्यांचा आवाज ऐकून ती ऑफिसातून थेट आली.

तिने शोधून काढलं. "ओळी आहेत हो मामा, पण दिसायच्या आत जातात. मामीने तिथे संगणकाला नुसतं आकडे मोजायला बसवलं होतं. एक ते वीस हजार. त्याचा कशालाच उपयोग नाही म्हणून अनुवादकाने ते काढून टाकलं."

"उपयोग कसा नाही? तेवढ्या वेळात माणूस वाचतो."

भाचीने पडद्यावरच्या त्या तीन ओळी वाचल्या. मग मामाकडे पाहिलं. मामा खिडकीकडे बघत होते. तिने मोजणी परत घातली. नवा संगणक वेगाने मोजतो म्हणून वीस हजाराचे कितीतरी कोटी केले. अनुवादकाने कारण विचारलं, तेव्हा तिने लिहिलं, "वाचायला वेळ मिळावा म्हणून." उत्तर आलं: कारण नोंदवलं. ओळ ठेवली आहे.

त्या संध्याकाळी मुदतराव "घेतला" म्हणाले ते भाचीसमोरच, मोठ्याने.

आता खरं तर इथे सगळं सुरळीत व्हायचं. पण अनुवादकाच्या नव्या आवृत्तीला अहवाल लिहायची हौस होती. प्रोग्राम कुठे काय करतो याचं साध्या भाषेतलं वर्णन त्याने तयार केलं, आणि भाचीने ते कौतुकाने कार्यकारिणीच्या बैठकीत वाचायला घेतलं. सुरुवातीची चार पानं सर्वांनी माना डोलावल्या. पाचव्या पानावर असं होतं: "वाचक क्रमांक सदतीस आल्यास घंटा तीनदा वाजते. मूळ टीप: हे दाताचे डॉक्टर आहेत, पुस्तक नेतात ते उपटल्याशिवाय परत देत नाहीत."

ती घंटा अध्यक्षांनी बावीस वर्षं ऐकली होती. आपला मान म्हणून ती वाजते, अशी त्यांची समजूत होती.

अध्यक्ष लाल झाले. "या यंत्रात सर्वांना एकच नियम लावायची काही सोय आहे का?" भाची प्रामाणिक मुलगी, नव्या आवृत्तीत तशी सोय आहे, असं म्हणाली. "मग आत्ता लावा. माझ्यासमोर. कोणाला घंटा नको आणि कोणाला सवलत नको." तिने ती सोय चालू केली. एकूण चार अपवाद निघाले. त्यांची यादी छापून मुदतरावांच्या हातात आली. मुदतराव त्या वेळी दिवंगत पत्नीच्या वतीने क्षमा मागण्यात गुंतले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक कागद न वाचता फायलीला लावला.

आपण नियमाचे किती भोक्ते आहोत हे दाखवायला अध्यक्षांनी दोन पुस्तकं परत केली, आणि मुदतरावांच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः बसून मुदत उलटलेल्या सर्वांच्या नोटिसा छापल्या. पाकिटं आपल्या दवाखान्यातल्या बाईंकडून चिकटवून घेतली आणि पेटीत टाकली.

बुधवारी पोस्टमन आला. पाकिटावर वाचनालयाचा शिक्का आणि बायकोचं नाव. खाली वाचक क्रमांक एक.

आतला मजकूर मुदतरावांनीच वीस-बावीस वर्षांपूर्वी तयार केलेला. "वारंवार स्मरण देऊनही आपण सदर पुस्तक परत केलेले नाही. सात दिवसांत न केल्यास आपले सभासदत्व रद्द समजण्यात येईल." पुस्तक म्हणजे दीपगृहाच्या राखणदारावरची एक कादंबरी. विलंब चार वर्षं, एक महिना, सोळा दिवस. दवाखान्यात जायच्या आठवड्यात तिने ती नेली होती.

मुदतराव आधी संतापले. वारंवार स्मरण? एकही स्मरणपत्र गेलेलं नव्हतं. म्हणजे नोटीस बेकायदा होती! त्यांनी लाल पेन काढून तसं समासात लिहायला घेतलं. "स्मरण" या शब्दाखाली रेघ मारली, आणि पुढे त्यांना लिहिता येईना. तिथेच ओट्याशी उभे राहून ते रडले. दाखला आला तेव्हा रडले नव्हते, कारण त्या दिवशी कामं फार होती.

मग ते वाचनालयात गेले आणि फाईल उघडली. यादीतला चौथा अपवाद असा होता: "वाचक क्रमांक एकला मुदत लागू नाही. मूळ टीप: यांनी मला नोटीस दिली. आता देऊन दाखवा म्हणावं. यांना सांगायचं नाही."

मुदतरावांना ती नोटीस आठवत होती. कशी नाही आठवणार! हाताने नोंदवहीत लिहायचे ते दिवस. बायकोने तीन आठवडे एक पुस्तक ठेवून घेतलं होतं. विचारलं की म्हणायची, "अजून वाचून व्हायचंय." तिचं हे कायमचंच होतं. शेवटी त्यांनी नियमाप्रमाणे नोटीस लिहिली, घरी नेली आणि पोळपाट-लाटणं बाजूला ठेवायला लावून तिच्या हातात दिली, पोच घेतली. त्यानंतर मुदत उलटलेल्यांच्या यादीत तिचं नाव कधी म्हणून कधी आलं नाही. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगत. "घरच्या माणसालाही सोडलं नाही. एका नोटिशीत सुधारणा झाली."

अठरा वर्षं तिने हे ऐकून घेतलं होतं. पाहुण्यांसमोर मान डोलावली होती. आणि पुस्तकं पाहिजे तितके दिवस ठेवली होती.

पुस्तक शोधायला खालचे इंजिनिअर आले. शिडीवर कोण चढणार यावर दोन म्हाताऱ्यांचा वाद झाला. तो मिटेपर्यंत इंजिनिअरांनी कपाटाचा भार मोजला आणि ते चुकीच्या भिंतीला लावल्याचं जाहीर केलं. पुस्तक कपाटात नव्हतं. माळ्यावरही नव्हतं. ते कुठे आहे हे मुदतरावांना पहिल्यापासून माहीत होतं. पलंगाखाली दवाखान्यातून परत आलेली पिशवी होती, आणि ती त्यांनी चार वर्षं उघडली नव्हती. इंजिनिअरांच्या देखत उघडली. शाल, कंगवा, चष्म्याचं रिकामं घर आणि ती कादंबरी. एकशे बारा पानांपर्यंत वाचलेली. खूण म्हणून आत एक घडी घातलेला पिवळा कागद होता. त्यांनी उलगडला. त्यांच्याच अक्षरातली, बावीस वर्षांपूर्वीची ती नोटीस.

इंजिनिअरांनी ती वाचली आणि होती तशी घडी घालून परत दिली. मग म्हणाले, "परत करून टाका. जिवाला उगाच घोर नको."

ते बरोबरच होतं. सातव्या दिवशी मुदतराव पुस्तक घेऊन टेबलावर बसले. भाचीला बोलावून घेतलं होतं. क्रमांक घातला. पडद्यावर प्रश्न आला: पुस्तक परत? होय की नाही. बावीस वर्षांत ज्या कळीवर त्यांचं बोट लाखभर वेळा गेलं असेल, तिच्यावर ते जाईना.

"हे 'होय' केलं की तिच्या नावावर काही राहणार नाही," ते म्हणाले. "मग खातंही बंद करावं लागेल. नियम आहे."

भाचीने खुर्ची जवळ ओढली.

"ती चौथी ओळ परत घालता येईल?"

"येईल मामा. पण एकच नियम लावायचं अध्यक्षांनी..."

अध्यक्ष मागेच उभे होते. हातात तिसरं परत करायचं पुस्तक. त्यांनी कादंबरीतून डोकावणारा पिवळा कागद पाहिला, पडद्यावरचं नाव पाहिलं आणि घसा साफ केला. "घंटाही परत ठेवा," ते भाचीला म्हणाले. "तीनदाच. नाहीतर मी आल्याचं कोणाला कळायचं नाही." आणि पुस्तक टेबलावर ठेवून, पावती न घेता निघून गेले.

भाचीने ओळ घातली. अनुवादकाने विचारलं: ही ओळ एकाच वाचकाला सूट देते. ठेवण्याचं कारण?

मुदतरावांनी कळफलक आपल्याकडे ओढला. "उपरोक्त सभासद या संस्थेच्या..." असं लिहिलं आणि पुसलं. "विशेष बाब म्हणून" लिहिलं, तेही पुसलं. "सदर वाचक हयात..." इथपर्यंत आले आणि थांबले. ते वाक्य पुरं करायची त्यांची तयारी नव्हती. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"अजून वाचून व्हायचंय."

कारण नोंदवलं. ओळ ठेवली आहे.

सहा वाजले होते. त्यांनी प्रोग्राम बंद केला. खिडक्या लावल्या का, चष्मा घेतला का, असं तिने विचारलं. खिडक्या लावल्या होत्या. चष्मा हातात होता, ओला झाला होता म्हणून. "घेतला," ते म्हणाले.

मग पिवळा कागद एकशे बारा पानावर होता तसा ठेवून त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं. नोंद करायची गरज नव्हती. ते तिच्या नावावर होतंच.